क्वेरी प्लॅनरमधली रिकामी यादी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्वेरी प्लॅनर म्हणजे एसक्यूएल क्वेरी कशी चालवायची हे ठरवणारा डेटाबेसचा भाग. त्याच्या कोडमध्ये नव्याने हात घालणाऱ्यांकडून रिकाम्या यादीमुळे होणाऱ्या बगांबद्दल हे प्रश्न सतत येतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. उदाहरणं बरीचशी पोस्टग्रेस या डेटाबेसची आहेत, कारण तोच कोड मी जास्त वाचलाय. मधूनमधून कॅल्साइट आणि डेटाफ्यूजन येतील, क्वेरी इंजिनं बांधायला वापरतात ती सॉफ्टवेअरं. क्वेऱ्या आणि फंक्शनांची नावं देवनागरीतच लिहिली आहेत, ओळखायला अडचण येऊ नये.

यादी रिकामी असली तर लूप फिरत नाही. संपलं. यात बग कसला?

लूपमध्ये नसतोच, लूपच्या नंतरच्या ओळीत असतो. लूप एकदाही फिरला नाही की हातात उरते ती चलाला सुरुवातीला दिलेली किंमत. ती किंमत देताना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दोन-तीन घटकांची यादी असते. शून्य घटकांचं उत्तर काय यावं, याचा विचार त्या दिवशी कुणी केलेला नसतो.

प्लॅनरमध्ये हे जास्त बोचतं, कारण तिथे जवळजवळ सगळंच यादीत असतं. व्हेअरमधल्या अटी, निवडायचे कॉलम, ग्रुप बायच्या किल्ल्या, क्रमवारी, पार्टिशन, इंडेक्स, जॉइनच्या अटी, सगळ्या याद्याच. शिवाय प्लॅनरचं कामच काटछाट करण्याचं. वापरकर्त्याने यादी रिकामी लिहिली नसली तरी चार नियम लागून गेल्यावर ती रिकामी होते. पार्सरने (क्वेरीचं व्याकरण तपासणाऱ्या भागाने) 'इथे किमान एक घटक असतोच' अशी हमी दिलेली असते, पण ती हमी पहिल्या ऑप्टिमायझेशन नियमापर्यंतच टिकते. या जातीचे जे बग मी पाहिलेत, त्यातले निम्म्याहून जास्त असेच जन्मलेले: पार्सरच्या हमीवर प्लॅनरच्या शेवटच्या टप्प्यात विश्वास ठेवलेला.

अटींची यादी रिकामी असेल तर उत्तर खरं धरायचं की खोटं?

अटी 'अँड'ने जोडलेल्या असतील तर खरं. 'ऑर'ने जोडलेल्या असतील तर खोटं. बेरीज शून्यापासून आणि गुणाकार एकापासून सुरू करतो, तसंच हे.

पोस्टग्रेसमध्ये व्हेअरच्या अटी प्लॅनरमध्ये साध्या यादीच्या रूपात फिरतात आणि त्यांच्यात 'अँड' आहे असं गृहीत असतं. तिथे रिकामी यादी, म्हणजे निल, हिचा अर्थ 'काही अट नाही, सगळं चालेल'. तीच यादी परत एका एक्स्प्रेशनमध्ये गुंडाळणारं फंक्शन निल मिळाल्यावर 'ट्रू' हा स्थिरांक बनवून देतं. किती ओळी गाळून उरतील याचा अंदाजही त्याच न्यायाने चालतो: 'अँड'च्या यादीचा अंदाज १.० पासून सुरू होतो आणि प्रत्येक अटीगणिक गुणला जातो, 'ऑर'चा ०.० पासून.

बग येतो तो या दोन जगांच्या सीमेवर. कुणीतरी 'ऑर'च्या फांद्या एका यादीत गोळा करतो, त्यातल्या कायम खोट्या ठरणाऱ्या फांद्या काढून टाकतो, आणि उरलेली यादी 'अँड' समजणाऱ्या फंक्शनला देतो. एक फांदी उरली तरी चालतं, दोन उरल्या तरी चाचणीत काहीतरी बिनसतं आणि कळतं. एकही उरली नाही की 'काहीच जुळणार नाही' याचं 'सगळंच जुळेल' होतं. क्वेरी बिनतक्रार चालते आणि अख्खं टेबल परत देते.

कॅल्साइटमध्ये जोडणी करणारी दोन वेगळी फंक्शनं आहेत: 'अँड'वालं रिकाम्या यादीला ट्रू देतं, 'ऑर'वालं फॉल्स. डेटाफ्यूजनने वेगळी वाट धरली. तिथलं फंक्शन रस्टचा 'ऑप्शन' प्रकार परत करतं, म्हणजे यादी रिकामी असेल तर 'नन'. बोलावणाऱ्याला निर्णय घ्यावाच लागतो, कंपायलर तो टाळू देत नाही. मला दुसरी पद्धत जास्त आवडते. तरी 'नन' आल्यावर घाईघाईत 'ट्रू' लिहून मोकळे होणारे महाभाग मी पाहिलेत, त्यामुळे प्रकारांनी सगळं सुटतं असंही नाही.

एकाच फंक्शनला दोन याद्या असतील तर?

मग दोन्हींचा अर्थ वेगवेगळा ठरवावा लागतो. पोस्टग्रेसमध्ये एक जोडगोळी आहे: 'या अटींवरून ती अट सिद्ध होते का' आणि 'या अटींवरून ती अट खोटी ठरते का'. आंशिक इंडेक्स (ठराविक अटीत बसणाऱ्या ओळींपुरताच केलेला इंडेक्स) वापरता येईल का, हे पहिल्या फंक्शनवरून ठरतं. तिथे सिद्ध करायची यादी रिकामी असेल तर उत्तर 'हो', कारण सिद्ध करायला काही नाहीच. आधार म्हणून दिलेली यादी रिकामी असेल तर उत्तर 'नाही', कारण कशावरून सिद्ध करणार? खोडून काढणाऱ्या फंक्शनमध्ये मात्र दोन्ही बाजूंना उत्तर 'नाही'. चार शक्यता, त्यातली एकच 'हो'. आणि तपासण्याचा क्रमही महत्त्वाचा: पहिल्या फंक्शनमध्ये दोन्ही याद्या रिकाम्या असतील तर 'हो' यायला हवं, म्हणून सिद्ध करायची यादी आधी बघतात. असा चौकोन कागदावर काढल्याशिवाय मी तरी या कोडला हात लावत नाही.

'इन' नंतर रिकामा कंस आला तर?

बहुतेक डेटाबेस तो पार्सरमध्येच नाकारतात, व्याकरणात बसत नाही म्हणून. एसक्यूलाइट स्वीकारतो: 'एक्स इन ()' कायम खोटं, 'एक्स नॉट इन ()' कायम खरं, एक्स नल (म्हणजे किंमत माहीत नाही) असला तरी.

पोस्टग्रेसमध्ये रिकामा कंस चालत नाही, पण रिकामा ॲरे चालतो. '= एनी' ला रिकामा ॲरे दिला की खोटं, '<> ऑल' ला दिला की खरं, आणि इथेही डावीकडे नल असून फरक पडत नाही. तुलना एकदाही होतच नाही, तर नल येणार कुठून? हे अनेकांना पटत नाही. 'नलशी तुलना म्हणजे नल' हे इतकं घोटलेलं असतं की प्लॅनरमध्ये सरळ 'डावीकडे नल स्थिरांक आहे, अख्खी अट नल करा' अशी सोपी काट घातली जाते. ती काट रिकाम्या ॲरेला चुकीची आहे. 'नॉट इन' आणि रिकामी सबक्वेरी यांचंही हेच: आतून एकही ओळ आली नाही तर बाहेरची प्रत्येक ओळ ठेवायची, नलवालीसुद्धा.

ओआरएमवाले (प्रोग्रामच्या कोडमधून एसक्यूएल तयार करणाऱ्या लायब्ऱ्या, जशा रेल्स आणि जँगोमध्ये असतात) हा प्रश्न डेटाबेसपर्यंत पोचूच देत नाहीत. रेल्समध्ये रिकामी यादी दिली की '१=०' अशी अट तयार होते. जँगो 'उत्तर रिकामंच असणार' असा एक्सेप्शन आतल्या आत फेकतो आणि क्वेरी पाठवतच नाही. युक्ती छान, पण तिच्यामुळेच तिथे एक बग होऊन गेलाय: रिकाम्या सबक्वेरीवर 'नॉट एक्झिस्ट्स' लावलं की तो एक्सेप्शन नकारात न अडता वर जायचा आणि शेजारच्या अटींसकट अख्खा व्हेअरच गायब व्हायचा.

पोस्टग्रेसमध्ये निल असेल तर कोणती फंक्शनं क्रॅश होतात?

निल म्हणजे नल पॉइंटर (कुठेच न दाखवणारा पत्ता, एसक्यूएलमधला नल नव्हे), बाकी काही नाही. लांबी विचारली तर शून्य येते. 'फॉरईच' शांतपणे काही करत नाही. 'लिस्ट हेड' नल देतं. 'लिनिशियल' मात्र पहिला घटक उचलायला जातं आणि तोंडावर आपटतं. शेवटचा घटक देणाऱ्याची गत तीच. डेव्हलपर बिल्डमध्ये असर्ट (गृहीतक तपासणारी ओळ) पेटतो, असर्ट बंद असलेल्या बिल्डमध्ये सरळ सेगफॉल्ट, म्हणजे चुकीची मेमरी वाचल्याने क्रॅश. आवृत्ती १३ मध्ये या याद्या जोडसाखळीवरून ॲरेवर आल्या, तरी निलची वागणूक तीच ठेवली.

क्रॅश करणारे बग मला त्यातल्या त्यात सज्जन वाटतात. निदान ओरडून सांगतात. याच याद्यांमधला एक गप्प बसणारा नमुना बघा:

एलअपेंड(अटी, नवीअट);

आणि असायला हवं होतं:

अटी = एलअपेंड(अटी, नवीअट);

यादीत आधीच काही असेल तर पहिली ओळसुद्धा बरोबर चालते, कारण तीच यादी जागेवर वाढते. यादी निल असेल तर एलअपेंड नवी यादी तयार करून तिचा पत्ता परत देतं, तो कुणी घेत नाही, आणि 'अटी' निलच राहतं. म्हणजे पहिली अट हरवते. दुसरीही हरवते. सगळ्याच हरवतात. आणि अटींची रिकामी यादी म्हणजे 'सगळं चालेल' हे वर आलंच आहे. रिव्ह्यूमध्ये ही ओळ डोळ्यांना बोचत नाही. चाचणीत यादी बहुधा आधीच भरलेली असते, म्हणून तिथेही सुटते. अलीकडच्या आवृत्त्यांत या फंक्शनांवर 'परत दिलेली किंमत टाकून देऊ नका' अशी खूण लावली आहे, त्यामुळे कंपायलर ओरडतो. जुन्या शाखेसाठी लिहिलेल्या एक्स्टेन्शनमध्ये हे अजूनही सापडतं. गो भाषेत 'अपेंड' वापरणाऱ्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल.

निल म्हणजे 'काही नाही' की 'अजून बघितलंच नाही'?

दोन्ही अर्थांना एकच खूण वापरली की घोळ झालाच म्हणून समजा. टेबलावरच्या इंडेक्सची यादी कॅशमध्ये ठेवायची आहे असं धरा. 'निल असेल तर कॅटलॉगमधून (डेटाबेस स्वतःच्या टेबलांची माहिती ठेवतो तिथून) काढून आण' असं लिहिलं, तर एकही इंडेक्स नसलेल्या टेबलासाठी प्रत्येक वेळी कॅटलॉग चाळला जाईल. उत्तर बरोबरच येईल, फक्त सावकाश, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येणार नाही. पोस्टग्रेसच्या रिलेशन कॅशमध्ये म्हणूनच इंडेक्सच्या यादीशेजारी 'ही यादी वैध आहे का' असा वेगळा झेंडा आहे. परकीय किल्ल्यांच्या यादीलाही तसाच आहे.

याची उलटी बाजूही आहे: एकाच 'काही नाही'ला दोन रूपं. पोस्टग्रेसमधले बिटमॅप संच पूर्वी दोन तऱ्हांनी रिकामे असू शकत. एक नल पॉइंटर, दुसरा सगळी बिटं शून्य असलेला खराखुरा संच. त्यामुळे 'नल आहे का' एवढंच विचारणारा कोड कधी चुके, कधी नाही. आवृत्ती १६ पासून रिकामा संच म्हणजे फक्त नल, असा नियमच केला. मला वाटतं या विषयातली ही सगळ्यात शहाणी दुरुस्ती. शंभर ठिकाणी तपासणी घालण्याऐवजी तपासायची गरजच काढून टाकली.

तुम्हाला स्वतःला सगळ्यात जास्त छळलेला बग कोणता?

ग्रुप बायचा. एका खासगी क्वेरी इंजिनवर काम करत होतो. नियम साधा होता: ग्रुप बायमधला एखादा कॉलम व्हेअरमुळे स्थिर झाला असेल तर किल्ल्यांमधून काढून टाका, उगाच हॅश कशाला करायचा. क्वेरी अशी:

सिलेक्ट विभाग, काउंट(*) फ्रॉम नोंदी व्हेअर विभाग = ७ ग्रुप बाय विभाग

विभाग सातच आहे, म्हणून नियमाने तो काढला. किल्ल्यांची यादी रिकामी झाली. आणि रिकाम्या किल्ल्यांचं ॲग्रिगेट (काउंटसारखी एकत्रित गणना) म्हणजे ग्रुप बाय न लिहिलेलं ॲग्रिगेट, जे ओळी असोत-नसोत, एक ओळ देतंच. सात नंबरच्या विभागाच्या नोंदी असतील तोवर दोन्हींचं उत्तर एकच. नोंदी नसतील तेव्हा खरं उत्तर शून्य ओळी. आमचं इंजिन एक ओळ द्यायचं: ७, ०.

आता ही ओळ दिसायला किती शहाणी आहे बघा! 'सातव्या विभागात शून्य नोंदी.' माणसाला यात चूक दिसतच नाही. कित्येक महिने ती अहवालांमध्ये गुण्यागोविंदाने नांदली. शेवटी सापडली ती एका इन्सर्टमुळे: हाच निकाल दुसऱ्या टेबलात भरला जायचा आणि 'ओळ आहे म्हणजे विभाग अस्तित्वात आहे' असं पुढचं काम समजायचं.

मी केलेली पहिली दुरुस्ती सांगतो, लाज वाटते तरी. मी एक्झिक्युटरमध्ये (प्लॅन प्रत्यक्ष चालवणाऱ्या भागात) गेलो आणि लिहिलं: इनपुटला एकही ओळ आली नाही तर काही बाहेर सोडू नकोस. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. ग्रुप बाय नसलेल्या साध्या 'सिलेक्ट काउंट(*)' ला रिकाम्या टेबलावर शून्य यायला हवं, ते यायचंच बंद झालं. एका तासात चाळीसेक चाचण्या लाल.

खरी दुरुस्ती प्लॅनरमध्ये होती, आणि तिला दोन वाटा आहेत. कॅल्साइटमधला स्थिर किल्ल्या काढणारा नियम सगळ्याच किल्ल्या स्थिर असल्या तरी एक मागे ठेवतो. पोस्टग्रेसने आवृत्ती १६ मध्ये अशा स्थिर किल्ल्या काढायला सुरुवात केली तेव्हा दुसरी वाट घेतली: छाटलेली यादी वेगळी ठेवली आणि मूळ ग्रुप बाय तसंच राहू दिलं. 'गट पाडायचे आहेत का' हे मूळ यादीला विचारायचं, 'कशावर पाडायचे' हे छाटलेल्या यादीला. त्यामुळे तिथल्या एक्सप्लेनमध्ये (निवडलेला प्लॅन दाखवणाऱ्या आदेशात) किल्लीची ओळच नसलेलं ग्रुपॲग्रिगेट दिसू शकतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाच तो बग वाटला होता. आम्ही एक किल्ली मागे ठेवली, कारण आमच्या ॲग्रिगेट नोडमध्ये दुसऱ्या यादीला जागाच नव्हती.

डिस्टिंक्टलाही हाच धोका आहे का?

नाही. 'सिलेक्ट डिस्टिंक्ट विभाग ... व्हेअर विभाग = ७' मधून विभाग काढला तर उरतं 'जास्तीत जास्त एक ओळ'. पोस्टग्रेस १६ तिथे सरळ लिमिट १ घालतो. शून्य ओळींचं शून्यच राहतं.

आणि ऑर्डर बाय, विंडो वगैरे?

क्रमवारीची रिकामी यादी निरुपद्रवी: 'क्रम नको आहे', आणि कोणताही प्लॅन ती मागणी पुरी करतो. विंडोमध्ये पार्टिशन बाय रिकामं म्हणजे सगळ्या ओळी एकाच गटात. ऑर्डर बाय रिकामं म्हणजे सगळ्या एकमेकींच्या बरोबरीच्या, म्हणून 'रँक' सगळ्यांना १ देतो.

एक गचका मात्र आहे. 'रेंज १० प्रिसीडिंग' सारख्या चौकटीला क्रमाचा एक कॉलम लागतोच, कारण अंतर मोजायचं ते त्याच कॉलमच्या किमतीवर. तो कॉलम पार्टिशनच्या कॉलमइतकाच आहे, म्हणजे क्रमाच्या दृष्टीने फुकटचा, हे सिद्ध झालं तरी काढायचा नाही. पोस्टग्रेसच्या कोडमध्ये तशी टीप स्पष्ट लिहिली आहे.

ग्रुप बाय नसताना हॅविंग आलं तर ते व्हेअरमध्ये ढकलता येतं?

'सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम नोंदी हॅविंग फॉल्स' घ्या. उत्तर शून्य ओळी. हॅविंग उचलून व्हेअरमध्ये टाकलं की सगळ्या नोंदी गळतात, आणि ॲग्रिगेट काही न मिळताही एक ओळ देतं: ०. म्हणजे चुकलं. ग्रुप बाय असतं तर ढकलणं बरोबर होतं, कारण गळलेल्या ओळींचा गटच तयार झाला नसता. पोस्टग्रेस इथे दोन्हीकडे ठेवतो: व्हेअरमध्ये टाकतो, म्हणजे टेबल वाचायचे कष्ट वाचतात, आणि हॅविंगमध्येही राहू देतो, म्हणजे ती खोटी ओळ बाहेर पडत नाही.

एकही कॉलम नसलेली ओळ ही काय भानगड?

शून्य ओळी आणि शून्य कॉलमांची एक ओळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिलेशनल सिद्धांतात ह्यू डार्वेन यांनी यांना टेबल डम आणि टेबल डी अशी गमतीदार नावं दिली: डममध्ये ओळ नाही, डीमध्ये एक आहे, कॉलम दोघांतही नाहीत. डम म्हणजे खोटं, डी म्हणजे खरं.

हे पुस्तकी वाटत असेल तर 'सिलेक्ट १' आठवा. फ्रॉम नाही, म्हणजे टेबलांची यादी रिकामी, तरी एक ओळ यायला हवी. पोस्टग्रेस १२ पासून अशा रिकाम्या फ्रॉमच्या जागी प्लॅनर एक खास नकली टेबल ठेवतो, एका ओळीचं आणि कॉलम नसलेलं, म्हणजे पुढच्या कोडला रिकाम्या यादीसाठी वेगळी वाट लागत नाही. डेटाफ्यूजनमध्ये रिकाम्या रिलेशनच्या नोडवर 'एक ओळ दे की नको' असा झेंडाच आहे. ऑप्टिमायझरचा नियम लिहिताना तो झेंडा न बघता 'रिकामं आहे, उडवा' केलं की 'सिलेक्ट १' गेलं.

पोस्टग्रेसने ९.४ मध्ये निवडीची यादी रिकामी ठेवायला परवानगी दिली. म्हणजे 'सिलेक्ट फ्रॉम नोंदी' चालतं. मग प्रश्न आला युनियनचा. पाच कॉलमहीन ओळी आणि तीन कॉलमहीन ओळी. सगळ्या एकसारख्या, कारण फरक करायला काही नाहीच. युनियन दिलं तर १ ओळ. युनियन ऑल ८. इंटरसेक्ट १, इंटरसेक्ट ऑल ३. एक्सेप्ट ०, एक्सेप्ट ऑल २. हे आकडे पोस्टग्रेसच्या रिग्रेशन चाचण्यांत आहेत. तुमच्या इंजिनला ही सहा उत्तरं बरोबर देता येतात का बघा. सॉर्ट करून डुप्लिकेट काढणारा कोड किल्ल्यांच्या रिकाम्या यादीवर बहुधा 'काढायला काही नाही' म्हणतो आणि युनियनला आठ ओळी देतो.

कॉलमवार साठवणाऱ्या इंजिनांत याचं आणखी एक रूप. काउंट(*) ला एकही कॉलम लागत नाही, म्हणून प्रोजेक्शन ढकलणारा नियम सगळे कॉलम काढतो. ओळींची संख्या पहिल्या कॉलमच्या लांबीवरून काढत असाल तर आता कॉलमच नाही, आणि संख्या शून्य. ॲरोच्या (कॉलमवार डेटा मेमरीत ठेवण्याच्या पद्धतीच्या) रस्ट लायब्ररीत म्हणून कॉलम नसलेली बॅच बनवताना ओळींची संख्या वेगळी द्यावीच लागते, नाही दिली तर एरर.

सगळी पार्टिशन्स छाटली गेली तर काय करायचं?

पार्टिशन म्हणजे टेबलाचे तुकडे. त्यांच्या ओळी एकापाठोपाठ देणाऱ्या अपेंड नोडला, म्हणजे प्लॅनमधल्या त्या टप्प्याला, एकही मूल उरत नाही. पोस्टग्रेसमध्ये प्लॅनिंगच्या वेळी असं झालं तर अपेंडच्या जागी कायम खोटी अट असलेला रिझल्ट नोड येतो. एक्सप्लेनमध्ये 'वन-टाइम फिल्टर: फॉल्स' दिसतं ते हेच. एक्झिक्युशनच्या वेळी छाटणी आवृत्ती ११ मध्ये आली तेव्हा सगळी मुलं गळल्यावरही पहिलं एक तयार करून ठेवावं लागे, कारण एक्सप्लेनच्या कोडला कॉलमांची नावं शोधायला निदान एक मूल हवं होतं. क्वेरी बरोबर, आणि घसरगुंडी ती दाखवणाऱ्या कोडमध्ये. दुरुस्ती करताना एक्सप्लेन विसरू नका.

जॉइनमध्ये कोणती बाजू रिकामी आहे यावर सगळं अवलंबून. इनर जॉइनची कोणतीही बाजू रिकामी असेल तर निकाल रिकामा. लेफ्ट जॉइनची उजवी बाजू रिकामी असेल तर डावीकडच्या सगळ्या ओळी, उजवीकडे नल भरून. अँटी जॉइनची (उजवीकडे जोडी न सापडलेल्या ओळी देणाऱ्या जॉइनची) उजवी बाजू रिकामी असेल तर डावीकडचं सगळं जसंच्या तसं. युनियन ऑलची एक बाजू रिकामी म्हणून दुसरीच वर सरकवताना कॉलमांची नावं आणि प्रकार पहिल्या बाजूप्रमाणे राहतात का, तेही बघायचं.

नुसता 'यादी रिकामी असेल तर परत फिर' असा इफ टाकला तर चालेल?

कधी कधी चालतं. त्याआधी एवढं ठरवा की यादी इथे रिकामी पोचणं कायदेशीर आहे का. कायदेशीर असेल तर अर्थ ठरवा आणि तसं उत्तर द्या. कायदेशीर नसेल तर इफ टाकून तुम्ही मागच्या कुणाची तरी चूक झाकताय. तिथे असर्ट हवा, किंवा वापरकर्त्यापर्यंत जाऊ शकणारी वाट असेल तर 'हे व्हायला नको होतं' सांगणारा अंतर्गत एरर. बॅकट्रेसमध्ये (क्रॅशपर्यंत कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्या यादीत) जी ओळ क्रॅश झाली तिथेच इफ घातलेला पॅच आला की मी पहिला प्रश्न विचारतो: रिकामी कुठे झाली? उत्तर चार फंक्शनं वरचं निघतं.

उलटा लूप फिरवताना अडकला. यादी रिकामीच आहे, मग?

लांबी चिन्हविरहित पूर्णांकात ठेवली आहे का? ० वजा १ म्हणजे तिथे, ६४ बिटांत, १८४४६७४४०७३७०९५५१६१५. पुढचं सांगायला नको.

चाचण्या कशा लिहायच्या?

रिकामी यादी थेट देऊन युनिट टेस्ट लिहाच, पण तेवढ्यावर थांबू नका. खरी यादी नियमांनी रिकामी होते, म्हणून एसक्यूएलमधूनच तिथवर पोचायला हवं. मी वापरतो ती युक्ती: क्वेरी दोनदा चालवायची. एकदा स्थिरांक उघड लिहून, म्हणजे प्लॅनरला काटछाट करता येईल. एकदा तोच स्थिरांक प्लॅनरपासून लपवून, उदाहरणार्थ व्होलाटाइल फंक्शनमध्ये (दर वेळी वेगळं उत्तर येऊ शकतं म्हणून प्लॅनर ज्याचं उत्तर आधी काढत नाही अशा) गुंडाळून. उत्तरं जुळायलाच हवीत. आणि प्रत्येक जोडी भरलेल्या टेबलावर, मग रिकाम्या टेबलावर. माझा ग्रुप बायचा बग या पद्धतीने पहिल्या दिवशी सापडला असता.

एसक्यूएलस्मिथ वेड्यावाकड्या क्वेऱ्या तयार करून क्रॅश आणि असर्ट शोधतो, पोस्टग्रेसमधले बरेच त्याने शोधलेत. चुकीच्या उत्तरांसाठी एसक्यूएलान्सर. त्याची एक पद्धत क्वेरीचे तीन तुकडे करते, अट खरी, अट खोटी आणि अट नल, आणि तिन्हींची बेरीज मूळ उत्तराशी जुळवते. त्याला रिकामी टेबलंही द्या, नाहीतर अर्धी मजा गेली.

पॅच पाठवताना काय लिहू?

सगळ्यात छोटी क्वेरी, रिकाम्या टेबलावर, अपेक्षित आणि आलेल्या ओळींसह. यादी कोणत्या नियमाने रिकामी केली त्याचं नाव. आणि त्या यादीवर आणखी कुठे लिनिशियल किंवा लांबी वापरली आहे ते ग्रेप करून (कोडमध्ये शब्द शोधून), प्रत्येक ठिकाण का सुरक्षित आहे याची एकेक ओळ. माझ्या ग्रुप बायच्या पॅचमध्ये अशी अकरा ठिकाणं निघाली. नऊ सुरक्षित होती. दहावं कॉस्टच्या अंदाजात होतं, किल्ल्यांच्या संख्येने भागाकार करत होतं. अकरावं मी 'सुरक्षित' म्हणून लिहिलं, आणि रिव्ह्यू करणारीने खाली विचारलं: रोलअपमध्ये (उपबेरजा आणि एकूण बेरीज देणाऱ्या ग्रुप बायमध्ये) रिकामा संच आला तर? परत बसलो.